जादूगारांच्या जत्रेतील दुकाने

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींस हसू आले असेल. पासष्टी ओलांडलेल्या एका सेवानिवृत्त मास्तराने जादूगारांच्या जत्रेवर बोलावे, ह्यात विनोद आहे खराच. परंतु मी ज्या जत्रेविषयी बोलणार आहे, ती गेल्या उन्हाळ्यात वाशीम येथे आमच्या घराच्या ओसरीवर प्रत्यक्ष भरली होती, आणि गिऱ्हाईक म्हणून मी स्वतः तीत पुष्कळ हिंडलो आहे. तेव्हा जे सांगावयाचे ते पाहिलेलेच सांगतो.

त्याचे असे झाले. वैशाख महिना होता. आमच्या वऱ्हाडातले ऊन आपणांस ठाऊक आहेच. सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत मुलांनी उंबरा ओलांडावयाचा नाही, असा घरचा नियम. पुण्याहून आलेली माझी नऊ वर्षांची नात, तिचा थोरला भाऊ आणि शेजारची चारपाच मुले अशी ही सेना ओसरीवर कोंडलेली. नातीने बरोबर 'हॅरी पॉटर'चे मराठी भाषांतर आणले होते. मूळ इंग्रजी पुस्तक 1997 साली प्रसिद्ध झाले. त्यात लंडन शहरात दडलेली जादूगारांची एक गल्ली वर्णिली आहे. तेथे जादूची छडी विकत मिळते, परंतु गिऱ्हाइकाने छडी निवडावयाची नसते. छडीच गिऱ्हाइकास निवडते. हे वाचल्यापासून मुलांस आपलीही तशी एक गल्ली हवी झाली. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "गल्ली नको, जत्रा करू." ही सूचना मला फार आवडली. गल्लीतील दुकान कायमचे असते. आज नाही तर उद्या जाता येते. जत्रेतील दुकान उद्या उठून जाणार असते, आणि म्हणून तेथे मनुष्य घाईने, हट्टाने व थोडा भीत भीत खरेदी करतो. जादूचा माल मांडावयास ह्याहून योग्य जागा कोणती?

पहिल्या दिवशी मुलांनी मालाची यादी केली. उडण्याचे औषध, अदृश्य होण्याची टोपी, सोन्याची अंडी. सर्व माल दुसऱ्याच्या वखारीतला! मी म्हटले, बाळांनो, जादू घटकाभर बाजूला ठेवा. खऱ्या जत्रेत काय काय पाहिले ते आधी सांगा.

मग मात्र त्यांची तोंडे सुटली. आमच्या जिल्ह्यात जत्रांना तोटा नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवीस सेवालाल महाराजांची समाधी आहे; तेथे रामनवमीस बंजारा समाज दूरदूरच्या प्रांतांतून लोटतो. रिसोड तालुक्यात लोणीस सखाराम महाराजांची यात्रा भरते. मुलांनी गोडीशेवेचे ढीग पाहिले होते, बत्तासे आणि रेवड्या पाहिल्या होत्या. बांगड्या भरणारी कासारीण, हातावर गोंदणारी बाई, कानात अत्तराचा फाया खोवणारा अत्तरवाला, विळे-खुरपी मांडून बसलेला लोहार आणि पोपटाकडून चिठ्ठी काढविणारा ज्योतिषी हे सर्व त्यांच्या डोळ्यांपुढे होते. मी त्यांस एवढेच दाखवून दिले की, प्रत्येक धंद्यास स्वतःचे माप असते, स्वतःची आरोळी असते आणि स्वतःची एक लहानशी लबाडीही असते. कासारीण बांगडी चढविण्यापूर्वी हात दाबून मऊ करते. कापडवाला गज ताणून मोजतो. ह्या गोष्टी ज्यास ठाऊक, त्याच्या दुकानात जादू ठेवली तर ती टिकते. नुसत्या हवेत जादू टांगली तर ती लोंबकळत राहते.

आता दुकाने सांगतो.

नातवाने सावलीच्या शिंप्याचे दुकान थाटले. हा शिंपी दुपारी बारा वाजता झाडाखालची सावली कातरतो, तिची घडी घालतो आणि गजाने विकतो. कडुनिंबाची सावली दाट, म्हणून महाग. बाभळीची विरळ, तिच्यातून ऊन गळते, म्हणून स्वस्त. मी चिंचेची मागितली. तो म्हणाला, "ती विकत नाही. तिच्यात झोप लागते, पण उठवत नाही." घेतलेली घडी सूर्य मावळण्यापूर्वी उलगडली पाहिजे, न उलगडल्यास सकाळी हातात नुसता वाळलेला पाला उरावयाचा. किंमत म्हणून गिऱ्हाइकाने स्वतःची सावली एक दिवस दुकानात गहाण ठेवावयाची. बिनसावलीचा मनुष्य रस्त्याने चालला की कुत्री भुंकतात, आणि घरच्यांस कळते की, स्वारी पुन्हा जत्रेत पैसे उडवून आली.

दुसरे दुकान गोडीशेवेचे. तिचा एक तुकडा तोंडात धरला की, तो विरघळेपर्यंत कावळ्याची भाषा समजते. वरून पाणी प्यावयाचे नाही. मी तो प्रयोग केला. दुकानदार स्वतःच कावळा होऊन माझ्याशी बोलू लागला आणि शेजारच्या कावळ्यांविषयी अखंड तक्रारी सांगू लागला. किंमत अशी की, त्या दिवशी आपण जे बोलू ते एका कावळ्यास समजावयाचे. ह्या अटीवर मोठी माणसे फारशी घेत नाहीत, असे दुकानदाराने मला सांगितले.

आरशाचे दुकान एका शेजारच्या मुलीचे होते. पोहरादेवीस बंजारा स्त्रियांच्या पोशाखावर जडविलेले लहान लहान आरसे तिने पाहिले होते. लमाणांचे तांडे एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत, हे मी तिला सांगितले. झाले; दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात रुपयाएवढे आरसे आले. त्यांत तोंड दिसत नाही. आपण चालून आलेली वाट दिसते. हरवलेल्यास त्याचा उपयोग, परंतु त्यातून पुढची वाट मात्र कधीही दिसत नाही. पुढची वाट दाखविणारा आरसा का ठेवला नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "ते काम पोपटवाल्याचे. त्याच्या पोटावर पाय कशाला?"

माझ्या नातीने बांगड्यांचे दुकान काढले. बांगडी हातात असली म्हणजे, दूरच्या कोणी आपली आठवण काढताच ती आपोआप किणकिणते. स्वतःच्या हाताने ती भरता येत नाही. दुसऱ्याने भरावी लागते, आणि जो भरतो त्याने आपली एक आठवण दुकानात देऊन जावयाची. दिलेली आठवण त्यास पुन्हा कधीही आठवावयाची नाही. मुलीची आई नोकरीमुळे पुण्यास राहिलेली. तेव्हा हे दुकान कोठून निघाले हे सांगावयास नको. मी तिच्याच हातात बांगडी भरावयाचे ठरविले आणि किमतीदाखल एका जुन्या शाळा तपासणीची आठवण पुढे केली. त्या तपासणीत माझी बरीच फजिती झाली होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही चालणार नाही, आबा. ही तुम्हाला टाकायचीच आहे." श्रोतेहो, मी चाळीस वर्षे मुलांच्या परीक्षा घेतल्या, इतका नेमका शेरा माझ्या हातून कधी पडला नव्हता. दुसरी आठवण निवडावयास मला ती सबंध दुपार लागली. सायंकाळी तिने विचारले, "आणि एखाद्या दिवशी बांगडी वाजलीच नाही तर?" ह्याचे उत्तर मजपाशी नव्हते. मी तिला शेवेच्या दुकानाकडे घेऊन गेलो.

येथवर सर्व ठीक चालले होते. चौथ्या दिवशी आमच्या जत्रेवर संकट आले. एक मुलगा, वयाने सर्वांत लहान, फळी मांडून बसला आणि ओरडू लागला, "माझ्या दुकानात सगळे मिळते! काही पण मागा! फुकट!" प्रथम सर्व मुले धावली. कोणी विमान मागितले, कोणी हत्ती. अर्ध्या घटकेत सर्वांस सर्व काही मिळाले, आणि मग जत्रेवर अशी मरगळ आली की, कोणी उठून दुसऱ्या दुकानी जाईना. शेवटी शेजारचा मुलगा अस्सल वऱ्हाडीत म्हणाला, "आबाजी, मंग बाकीच्यायची दुकानं काहाले पाह्यजेत?" मुलांनी पंचायत भरविली आणि एक कायदा केला: ज्या मालास अट नाही आणि किंमत नाही, तो ह्या जत्रेत विकावयाचा नाही.

हा कायदा मुलांनी केला तेव्हा मी चकित झालो. कारण तो फार जुना आहे, हे मला जुन्या ग्रंथांवरून ठाऊक होते. आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराच्या काव्यमीमांसेत असे सांगितले आहे की, काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी विवाह केला तो विदर्भातील ह्याच वत्सगुल्म नगरात. गावास ह्याहून मोठा मान कोणता हवा? आणि काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचिलेल्या कथासरित्सागरात, बृहत्कथेचा कर्ता जो गुणाढ्य, त्याच्या दोघा मामांची नावे वत्स आणि गुल्मक अशी आहेत. नावे जुळतात एवढेच मी म्हणतो. त्यावरून गुणाढ्यास आमच्या गावचा भाचा ठरविण्याचा माझा आग्रह नाही, मनातून इच्छा पुष्कळ असली तरी.

ह्या गुणाढ्याची हकीकतच पाहा. राजास व्याकरण शिकविण्यास सहा वर्षे लागतील, असे तो म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने पैज मारली की, तसे झाल्यास मी संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला, तिन्ही भाषा सोडून अरण्यात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि त्या भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती झिडकारली. तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा पश्चात्ताप पावून आला, तोवर एकच लक्ष श्लोक उरले होते. अद्भुत कथांचा एवढा साठा आपल्याकडे आला तोदेखील असा किंमत मोजून आला, असे आपल्या पूर्वजांनी मानिले आहे.

त्याच ग्रंथात पुत्रकाची गोष्ट आहे. विंध्याच्या अरण्यात मयासुराचे दोन पुत्र झुंजत होते. वाद कशाचा? एक भांडे, एक काठी आणि पादुकांचा एक जोड! पुत्रक हसला. तेव्हा त्यांनी सांगितले की, पादुका घालणारा आकाशात उडतो, काठीने जे रेखाटावे ते खरे होते, आणि मनात आणावे ते अन्न भांड्यात येते. पुत्रक म्हणाला, मग झुंजता कशाला? धावण्याची शर्यत लावा. जिंकेल त्याचे सर्व. ते दोघे धावत सुटले, आणि हा पादुका घालून, काठी व भांडे घेऊन उडून गेला. पुढे त्याने त्या काठीने गंगेच्या काठी एक नगर रेखाटले, तेच पाटलिपुत्र. लहानपणी मला ह्या गोष्टीत पुत्रकाची चतुराई तेवढी दिसे. आता मला ते दोघे भाऊ दिसतात. ज्यांच्या घरी मनात येईल ते अन्न देणारे भांडे आहे, त्यांनी रानात कुस्ती खेळावी! त्या तिन्ही वस्तूंस कसलीच अट नव्हती. म्हणूनच त्या पहिल्या हसऱ्या वाटसरूच्या हाती गेल्या.

ह्याच्या उलट अरबी गोष्टींतील तिघे राजपुत्र. एकाने विजयनगरच्या बाजारात उडता गालिचा घेतला, दुसऱ्याने शिराझ शहरी हस्तिदंती नळी घेतली, तिच्यातून इच्छिलेले दूरचे दृश्य दिसे. तिसऱ्याने समरकंदात एक सफरचंद घेतले, त्याच्या वासाने आजारी मनुष्य बरा होई. नळीतून राजकन्या मरणोन्मुख दिसली, गालिच्याने तिघांस तिच्यापाशी पोहोचविले, सफरचंदाने ती वाचली. एकटी नळी काय करिती? रडविती. येथे प्रत्येक वस्तूस जे येत नाही, त्यातच गोष्टीचा सर्व रस आहे. इंग्लंडातही ख्रिस्तिना रोझेटी ह्या कवयित्रीने 1862 साली प्रसिद्ध केलेल्या काव्यात पिशाचांचा फळबाजार आहे. तेथे मुलीजवळ पैसे नसतात, म्हणून ती आपल्या केसांची सोनेरी बट कापून देते. लांब कशाला, आमच्या जिल्ह्यातील कारंज्यास गोष्ट सांगतात की, कस्तुरी लादून आलेल्या परदेशी व्यापाऱ्याचा सर्व माल तेथील एका सावकाराने विकत घेतला आणि हवेलीच्या चुन्यात कालविला. ह्यात जादू नाही; पण किंमत मोजणारा मनुष्य आहे, म्हणून ती गोष्ट विसरत नाही.

आता मला ज्याविषयी बोलणे जड जाते, तिकडे येतो. खऱ्या जत्रेतही बिनअटीचा माल विकणारा एकजण असतो, आणि तो मी पाहिला आहे.

1972 च्या दुष्काळाच्या सुमारास मी चौदा वर्षांचा होतो. माझ्या धाकट्या भावास कावीळ झाली. जत्रेतील एका वैदूने त्यास काविळीची माळ दिली. वनस्पतीच्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती माळ डोक्यावर घालावयाची. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की, कावीळ उतरली. त्याने परातीत भावाचे हात धुतले, ते पाणी पिवळे झाले, आणि आम्ही सर्वांनी हात जोडले. माळेस पथ्य नव्हते, अट नव्हती, "कोणाचीही, कसलीही कावीळ" असे तो म्हणाला. मी रोज सकाळी माळ बोटांनी मोजीत असे. आज दोन बोटे वाढली, आज तीन, असे आईस ओरडून सांगत असे. माळ खरोखरच गळ्यात आली. भाऊ मात्र वाचला नाही. दवाखान्यात नेला तेव्हा फार उशीर झाला होता.

ओले देठ वाळून आकसतात, त्यांभोवतीच्या सरगाठी सैल पडतात आणि माळ लांबते. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आंब्याच्या सालीच्या पाण्यास चुना लागला की ते पिवळे होते, हेही तेव्हाच. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून गंडेदोरे, मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरले. तो कायदा व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे सारखी ती माळ येत होती.

मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पेशात शिरलो तो हा राग पोटात घेऊन. माझ्या वर्गात परी नाही, राक्षस नाही, चेटूक नाही. मुलांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे, असा माझा दंडक. माझा हेतू वाईट होता असे आजही मला वाटत नाही. परंतु मी दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. वैदूने सांगितले की, ह्यास काही अट नाही. गोष्ट सांगणारा असे कधीच म्हणत नाही. गोष्टीवर वाढलेले मूल मालास हात लावण्यापूर्वी विचारते की, हे कशाने बिघडते आणि ह्याचे मोल काय. गेल्या उन्हाळ्यातच आमच्या दारी एकजण सर्व रोगांवर चालणारे मूळ विकावयास आला, तेव्हा नातीने त्यास विचारले, "ह्याने काय बरे होत नाही?" तो बिचारा गोंधळला आणि त्याने भाव निम्म्यावर आणला. शेजारच्या आजींनी दोन मुळे घेतली, हा भाग वेगळा.

तर, 1985 च्या आसपासची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या एका खेड्यातील शाळेत मी 'मी पाहिलेली जत्रा' हा निबंध घातला होता. पाऊस दोन वर्षे धड पडला नव्हता. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने लिहिले की, आपण जादूगारांची जत्रा पाहिली, आणि तिच्यात एक म्हातारी पावसाच्या पुड्या विकत होती. पुडी बांधावर सोडली की तेवढ्याच वावरात पाऊस पडतो. परंतु तो पाऊस शेजारच्या वावरातून येतो. म्हणून पुडी सोडणाऱ्याने पाऊस थांबेपर्यंत शेजाऱ्याच्या बांधाकडे तोंड करून उभे राहावयाचे, आणि डोळे मिटावयाचे नाहीत. त्याच्या बापाने पुडी हातात घेतली होती, असे त्याने लिहिले होते. मी लाल शाईने पानभर तिरपी रेघ ओढली आणि खाली लिहिले, 'खोटे लिहू नये.' दहांपैकी दोन गुण दिले. त्यानंतर तो मुलगा सांगितले तेवढेच लिहू लागला, आणि मी त्याची प्रगती झाली असे समजलो.

ह्या उन्हाळ्यात मुले पुन्हा यावयाची आहेत. पावसाच्या पुड्यांचे दुकान मी त्यांस पत्रातून कळविले आणि ते त्यांनी एकमताने मान्य केले. म्हातारीच्या जागी मीच बसावे, असेही ठरले. फक्त पंचायतीच्या कायद्याप्रमाणे त्यांनी किंमत विचारली आहे. नात म्हणते, डोळ्यांतले पाणी. नातू म्हणतो, पुढल्या वर्षीचा पाऊस. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्या मुलाने लिहिलेली ती नव्हे. त्याने किंमत लिहिली होती, शेवटच्या दोन ओळींत, एवढे मला पक्के आठवते. माझी रेघ नेमकी तेथेच जाड उमटली होती. तिच्याखाली काय होते ते आठवत नाही.